टेक्ससमध्ये मतं मागून न्यायाधीश होणं : एका वडिलांच्या दोन शंकांना उत्तर

ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहणाऱ्या एका काकांचा प्रश्न आहे. मुलगी ह्यूस्टनला पाच वर्षं वकिली करते, बहुतेक कौटुंबिक खटले. पुढेमागे फोर्ट बेंड काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) डिस्ट्रिक्ट जजची निवडणूक लढवायचं तिच्या मनात आहे. काका मूळचे साताऱ्याकडचे, त्यांचे वडील दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या शंका दोन : दारोदार मतं मागितलेला माणूस न्याय काय देणार? आणि आपल्या आडनावाला इथे कोण मत देणार?

काका, मी हॅरिस (ह्यूस्टन शहराची काउंटी) आणि फोर्ट बेंड या दोन काउंट्यांत मिळून बावीस वर्षं कोर्टात उभी राहते आहे. स्वतः निवडणूक लढवलेली नाही. दोघांच्या प्रचारात मात्र उन्हातान्हात हिंडले. त्यातली एक जिंकली, एक हरला.

तुम्ही वडिलांबद्दल लिहिलंय की तालुक्याच्या गावी बदली झाली की ते गावात कुणाच्या लग्नामुंजीला जात नसत, आणि भाजीवाल्याने चार मिरच्या वर टाकल्या तर आई त्या परत करायची. आमच्याही ओळखीत असे एक जजसाहेब होते. संध्याकाळी एकटेच फिरायला निघायचे आणि ओळखीचा वकील दिसला की रस्ता बदलायचे. तिकडचा न्यायाधीश परीक्षा देऊन येतो. लोकसेवा आयोगाची पूर्व, मुख्य, मुलाखत, मग कनिष्ठ स्तर, आणि दर थोड्या वर्षांनी बदली. आता तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. लोकांपासून लांब राहणं हा त्या नोकरीचाच भाग.

इथे नेमकं उलटं आहे. ह्यूस्टनला गणपतीत आरतीला उभे राहा, मागच्या रांगेत हमखास एक-दोन अनोळखी सूटवाले हात जोडून उभे दिसतील. आरती संपली की प्रसादाच्या रांगेत येऊन हातात गुळगुळीत कार्ड देतील. त्यावर फोटो, कुटुंब, कुत्रा, आणि खाली कोर्टाचा क्रमांक. त्याला आम्ही पुश कार्ड म्हणतो. न्यायाधीशपदाचे तेच उमेदवार रविवारी सकाळी चर्चमध्ये, दुपारी कुणाच्या तरी बार्बेक्यूला आणि संध्याकाळी मशिदीच्या आवारात दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही कसंसंच झालं होतं.

पण ही पद्धत कालपरवाची नाही. न्यायाधीशांना गव्हर्नर आणि बड्या लोकांच्या मर्जीतून सोडवायचं, म्हणून १८३२ मध्ये मिसिसिपी राज्याने सगळेच न्यायाधीश लोकांनी निवडायचं ठरवलं. मग इतर राज्यं त्याच वाटेने गेली. टेक्ससची आजची राज्यघटना १८७६ ची. यादवी युद्धानंतरच्या काळात वरून नेमलेल्या लोकांचा इथे इतका राग होता की जवळपास प्रत्येक पद निवडणुकीवर टाकलं गेलं. तुमच्या मतपत्रिकेची लांबी त्या रागातून आली आहे. शेजारच्या काउंटीतल्या मित्राला विचारा. हॅरिसची मतपत्रिका देशातल्या सगळ्यात लांबलचक मतपत्रिकांमध्ये मोडते, आणि त्यातल्या बहुतेक ओळी न्यायाधीशांच्या असतात.

आता कोर्टांची उतरंड, कारण नावांचा गोंधळ भारी आहे. सगळ्यात खाली जस्टिस ऑफ द पीस. घर रिकामं करून घेण्याचे दावे आणि २०,००० डॉलरपर्यंतची दिवाणी भांडणं तिथे जातात, आणि त्या खुर्चीवर बसायला वकील असावं लागत नाही. त्यावर काउंटी कोर्ट ॲट लॉ. तिथे किरकोळ गुन्हे चालतात आणि ज्युरी सहा जणांची असते. मग डिस्ट्रिक्ट कोर्ट : खून-दरोड्यासारखे गंभीर गुन्हे, घटस्फोट, मुलांचा ताबा, जमिनीचे वाद, मोठे दिवाणी दावे. ज्युरी बारा जणांची. तुमच्या मुलीला हवी आहे ती ही खुर्ची. आणि 'काउंटी जज' नावाचा जो असतो, तो मोठ्या काउंटीत प्रत्यक्ष खटले चालवतच नाही. तो काउंटीचा कारभारी, आपल्याकडचा जिल्हा परिषद अध्यक्ष समजा. हॅरिसमध्ये २०१८ ला लिना हिदाल्गो त्या पदावर निवडून आल्या तेव्हा २७ वर्षांच्या होत्या आणि वकील नव्हत्या. त्यावरून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 'अमेरिकेत वकिली न करता जज होता येतं' असा निरोप फिरला होता. तो मी चार वेळा दुरुस्त केला, शेवटी सोडून दिलं.

डिस्ट्रिक्ट जजच्या अटी फार नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, आणि नंतर नागरिक झालेला माणूसही चालतो. त्या जिल्ह्यात दोन वर्षांचा रहिवास. आणि निवडणुकीच्या लगेच आधीची आठ वर्षं टेक्ससमध्ये वकिली किंवा न्यायाधीशी. पूर्वी चारच वर्षं पुरत. नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांनी घटनादुरुस्तीला मत देऊन ती आठ केली. मुलीची पाचच झाली आहेत, म्हणजे घाई नाही. मुदत चार वर्षांची असते. पगार २०२५ च्या कायद्याने वाढला. राज्याचा मूळ पगार वर्षाला १,४०,००० वरून १,७५,००० डॉलर झाला, त्यावर काउंटी थोडी भर घालते. ह्यूस्टनच्या मोठ्या फर्ममध्ये कोवळी पोरं याहून जास्त कमावतात, तेव्हा पैशासाठी कुणी या वाटेला जात नाही.

आता खरी मेख. टेक्ससमध्ये न्यायाधीशाच्या नावापुढे पक्ष छापलेला असतो. तुमच्या मुलीला आधी एक पक्ष निवडावा लागेल, डिसेंबरपर्यंत अर्ज भरावा लागेल, मार्चच्या प्रायमरीत त्या पक्षाच्या इतर इच्छुकांना हरवावं लागेल, कुणालाच निम्म्यापेक्षा जास्त मतं नसतील तर मे महिन्यात रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत फेरलढत, आणि मग नोव्हेंबरची लढत. घटस्फोटातल्या पोरांचा ताबा आईकडे जावा की बापाकडे, याचा रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट असण्याशी काय संबंध? काही नाही. पण नोव्हेंबरमध्ये निकाल त्यावरच लागतो.

२०१८ ची रात्र मला लख्ख आठवते. मतपत्रिकेच्या वरच्या ओळीत सिनेटसाठी रिपब्लिकन टेड क्रूझ विरुद्ध डेमोक्रॅट बेटो ओरूर्क अशी चुरस होती. तेव्हा एकच खूण करून एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येत असे. हॅरिस काउंटीत बेटोसाठी बाहेर पडलेल्या लोकांनी ती एक खूण केली आणि खाली न्यायाधीशांच्या लढत झालेल्या ५९ च्या ५९ जागा डेमोक्रॅटांकडे गेल्या. त्यात १७ कृष्णवर्णीय स्त्रिया एकाच दिवशी न्यायाधीश झाल्या, ही ऐतिहासिक गोष्ट होती आणि मला तिचा आनंदच झाला. त्याच रात्री माझ्या मते उत्तम असलेले चार-पाच न्यायाधीश घरी गेले. त्यांचा दोष एवढाच की त्यांच्या नावापुढे दुसऱ्या पक्षाचं अक्षर होतं. लाट उलटी आली तेव्हाही हेच झालंय. डॅलसमध्येही २००६ ला डेमोक्रॅटांनी असाच सफाया केला होता. एका खुणेची ती सोय २०२० पासून बंद झाली, आता प्रत्येक ओळीवर वेगळं मत द्यावं लागतं. फरक पडला, पण फार नाही. लोक आता एकेक करून तीच खूण करत खाली येतात, आणि काही जण मध्येच कंटाळून सोडून देतात.

याची झळ अशिलांना कशी बसते ते सांगते. माझा एक ताब्याचा खटला होता. न्यायाधीशांनी दोन दिवस साक्षी ऐकल्या, मुलाशी स्वतः चेंबरमध्ये बोलल्या, आणि अंतिम हुकूम व्हायच्या आत निवडणूक हरल्या. जानेवारीत नवीन न्यायाधीश आले. माणूस सज्जन, पण आयुष्यभर दुसऱ्याच प्रकारची वकिली केलेला, कौटुंबिक कायदा कोरा. सगळं पुन्हा मांडावं लागलं. माझ्या अशिलाला तेवढ्यासाठी सात महिने वाट पाहावी लागली आणि फी दुसऱ्यांदा मोजावी लागली. यात त्या नव्या न्यायाधीशांचा काय दोष? ते वर्षभरात शिकले आणि चांगले निघाले. पण ते शिकले ते माझ्या अशिलाच्या खर्चाने.

हे फक्त माझं रडगाणं नाही. टेक्ससचे सरन्यायाधीश राहिलेले नेथन हेक्ट स्वतः याच पद्धतीने पुन्हा पुन्हा निवडून आले, आणि तरी पक्षीय निवडणूक ही न्यायाधीश ठरवण्याच्या अगदी वाईट पद्धतींपैकी एक आहे असं त्यांनी विधिमंडळासमोर उभं राहून सांगितलं. मग विधिमंडळाने आयोग नेमला. आयोगातल्या बहुमताने २०२० च्या अखेरीस पक्षीय निवडणूक बंद करावी असं लिहून दिलं, आणि तो अहवाल फडताळात गेला. गंमत म्हणजे उद्योगांच्या मोठ्या खटल्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये जे नवीन बिझनेस कोर्ट सुरू झालं, तिथे निवडणूक नाही. गव्हर्नर नेमतो, दोन-दोन वर्षांसाठी. कोट्यवधी डॉलरचं भांडण असलं की नेमलेला न्यायाधीश हवा आणि तुमच्याआमच्या घटस्फोटाला लाटेवर आलेला चालतो, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

पैशाचं बोलते, कारण तुम्ही ते विचारलं नाही, पण मनात असणार. अर्जाची फी किरकोळ असते. खरा खर्च पाट्या, टपाल, कार्डं आणि जेवणावळींचा. फोर्ट बेंडसारख्या आठ लाखांवर वस्तीच्या काउंटीत चुरशीची प्रायमरी असेल तर पाच आकडी डॉलर सहज जातात, हॅरिसमध्ये सहा आकडी. हे पैसे देतं कोण? वकील. दुसऱ्या कुणाला त्या कोर्टाचा क्रमांकही माहीत नसतो. एका माणसाने किती द्यावं याला कायद्याने मर्यादा आहे, देणाऱ्याचं नाव जाहीर होतं, देणगी कधी घ्यायची याचाही काळ ठरलेला आहे. तरीसुद्धा ज्याच्यासमोर सोमवारी उभं राहायचं त्याच्या शुक्रवारच्या कार्यक्रमात पाकीट घेऊन जाणं, हे मला बावीस वर्षांनीही जमत नाही. मी देते. दोन्ही बाजूचे वकील देतात. त्यामुळे निदान तराजू तिरका होत नाही, अशी आम्ही आमची समजूत घालतो.

मग असा माणूस न्याय देतो का, हा तुमचा पहिला प्रश्न. रोजच्या कामात, बहुतेक वेळा, हो. कारण नव्वद टक्के काम कुणाच्या डोळ्यांत न भरणारं असतं. सकाळी डॉकेट, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, पुकारलं जातं, वीस-पंचवीस नावं, कुणाचा वकील हजर नाही, कुणाला दुभाष्या हवा, कुणाचा जामीन. तिथे न्यायाधीश पक्षाचा नसतो. तो नीट ऐकणारा असतो किंवा नसतो, वेळेवर येणारा असतो किंवा नसतो. भीती त्या उरलेल्या दहा टक्क्यांची आहे. कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीचे न्यायाधीश आरन पर्स्की यांनी २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात सहाच महिने कैद दिली. लोक खवळले आणि जून २०१८ मध्ये मतदान घेऊन त्यांना मुदतीआधीच पदावरून खाली खेचलं. त्या राज्यात ऐंशीहून अधिक वर्षांत असं घडलं नव्हतं. शिक्षा कमी होती, असं मलाही वाटतं. पण त्यानंतर निवडणूक जवळ आलेला कुठलाही न्यायाधीश शिक्षा सुनावताना मनात काय धरत असेल, याचा विचार केला की झोप उडते. अशा वेळी तुमच्या वडिलांची ती मिरच्या परत करण्याची शिस्तच मोलाची वाटते.

नेमणूक केली म्हणजे सगळं सोवळं होतं, असंही नाही मात्र. इथे मुदतीच्या मध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टाची जागा रिकामी झाली की पुढच्या निवडणुकीपर्यंत गव्हर्नर माणूस बसवतो. गव्हर्नरच्या यादीत नाव जायला ओळखी लागतात, आणि त्या आपल्यासारख्या उपऱ्यांकडे कुठून असणार? इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येते.

फोर्ट बेंडच्या २४० व्या डिस्ट्रिक्ट कोर्टात नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरेंद्रन पट्टेल निवडून आले. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या गरीब घरचे. लहानपणी बिड्या वळल्या, दहावीनंतर शाळा सुटली, मग मजुरी करत पुन्हा शिकले. कायदा शिकताना हॉटेलात काम केलं. होसदुर्गला वकिली केली, मग दिल्लीत. पत्नी नर्स, तिच्या नोकरीमुळे २००७ मध्ये ह्यूस्टनला आले. इथे आल्यावर किराणा दुकानात काम, मग टेक्ससची बार परीक्षा, मग ह्यूस्टन विद्यापीठात कायद्याची पुढची पदवी. नागरिकत्व मिळालं २०१७ ला. २०२० मध्ये प्रायमरी लढवली आणि हरले. दोन वर्षांनी पुन्हा उभे राहिले आणि प्रायमरीत स्वतःच्याच पक्षाच्या, त्या खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशाला हरवलं. या उच्चाराचा माणूस निवडून कसा येणार, असं त्यांच्या तोंडावर सांगितलं गेलं होतं, हे त्यांनीच मुलाखतींत सांगितलं आहे. कुठल्या गव्हर्नरच्या यादीत हे नाव आलं असतं? त्याच काउंटीत २०१८ ला जूली मॅथ्यू काउंटी कोर्ट ॲट लॉच्या न्यायाधीश म्हणून निवडून आल्या, त्याही केरळी. मल्याळी मंडळी संघटित आहेत हे खरं. चर्च असो, संघ असो, सगळे कामाला लागतात. आपण मराठी माणसं उमेदवाराला ढोकळा-समोसे देतो, फोटो काढतो आणि मार्चच्या प्रायमरीला घरी बसतो.

नावाचा फटका बसत नाही असं मात्र म्हणणार नाही. लॉस एंजेलिसमध्ये २००६ ला झिंट्रा यानाव्स नावाच्या वीस वर्षांच्या अनुभवी न्यायाधीश हरल्या. वकिलांच्या संघटनेने त्यांना सर्वोच्च शेरा दिला होता, आणि जिंकलेल्या बाई बेगलचं दुकान चालवत होत्या, त्यांना 'अपात्र' असा शेरा होता. तिथे मतपत्रिकेवर पक्ष छापलेला नसतो, म्हणजे मतदाराच्या हाती नावाशिवाय काही नाही. यानाव्स हे लॅटव्हियन नाव लोकांना परकं वाटलं, असाच अर्थ तेव्हा बहुतेकांनी काढला. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी त्यांना लगेच दुसऱ्या रिकाम्या जागेवर नेमलं. अवघड आडनावाचा गव्हर्नर होता म्हणून, असा विनोद आम्ही वकील अजून करतो. उलट टेक्ससमध्ये पक्षाचं अक्षर आडनाव झाकून टाकतं. ज्या पद्धतीला मी एवढी नावं ठेवली, तिचा तुमच्या मुलीला फायदाच होऊ शकतो.

तेव्हा मुलीने पुढची तीन वर्षं काय करावं? ज्युरीसमोर खटले चालवावेत. तडजोडीवर सुटणाऱ्या कौटुंबिक खटल्यांत नाव होत नाही. कोर्टाकडून नेमणुका घ्याव्यात, मुलांच्या बाजूने उभं राहण्याच्या, गरीब आरोपींच्या. कारण प्रायमरीच्या आधी इथले वकील एकमेकांना विचारतात तो प्रश्न एकच असतो : तिने खटले चालवलेत का? शहराच्या म्युनिसिपल कोर्टातल्या अर्धवेळ न्यायाधीशाच्या जागा बहुधा नगर परिषद भरते, तिथे निवडणूक नाही. कौटुंबिक कोर्टांत डिस्ट्रिक्ट जजच्या हाताखाली असोसिएट जज असतात, तेही नेमलेले. माझ्या ओळखीत ज्यांनी ही पायरी आधी घेतली, त्यांनी पुढे खुर्चीवर बसल्यावर लोकांचे सात महिने वाया घालवले नाहीत. आणि पक्षाच्या प्रिसिंक्टच्या, म्हणजे आपल्या मतदान विभागाच्या, बैठकांना आत्तापासून जावं. कंटाळवाण्या असतात, वीस माणसं आणि थंड पिझ्झा. पण प्रायमरीत दारोदार हिंडणारे हेच वीस जण असतात.

एक सावधगिरी. प्रचारात अमुक निकाल देईन असं वचन देता येत नाही, आचारसंहिता आहे. जमलेल्या काकालोकांनी 'आमच्या माणसांकडे लक्ष ठेव हं बाळा' म्हटलं की हसून विषय बदलायला तिने आत्तापासून शिकावं. माझी जी मैत्रीण जिंकली, तिला हे सगळ्यात जड गेलं. शपथविधीनंतर तिने मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं जवळजवळ बंद केलं. लोक म्हणाले, निवडून आली आणि चढली. तुमच्या वडिलांना ती लगेच कळली असती.

तुम्ही नुकतेच नागरिक झालात असं लिहिलंय, म्हणून तुमच्यापुरतं. ऑक्टोबरमध्ये दोन आठवडे आधीच मतदान सुरू होतं, गर्दी कमी असते. मतदानाच्या खोलीत मोबाइल चालत नाही, पण हाताने लिहिलेला कागद नेता येतो. ह्यूस्टन बार असोसिएशन वकिलांकडून न्यायाधीशांचं मूल्यमापन करून घेते आणि ते जाहीर करते. लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदारांना माहिती देणाऱ्या संस्थेची पुस्तिका असते. दोन्ही पाहून घरीच नावं लिहून काढा. मी ताव भरून यादी नेते आणि शेवटच्या ओळीपर्यंत जाते, बारा-पंधरा मिनिटं लागतात. मागचा माणूस उसासे टाकतो, टाकू दे.

आणि निवडणुकीची वाट न पाहता एखाद्या सोमवारी सकाळी मुलीला घेऊन रिचमंडला जस्टिस सेंटरमध्ये या. कोर्ट उघडं असतं, परवानगी लागत नाही. पट्टा काढून मेटल डिटेक्टरमधून जायचं, फोन बंद करायचा आणि मागच्या बाकावर बसायचं. दोन-तीन कोर्टरूममध्ये अर्धा अर्धा तास बसा. बेलीफ विचारेल, तुमचा खटला कुठला? नुसतं बघायला आलोय म्हणा. त्याला नवल वाटेल, पण तो काही म्हणणार नाही.